वहिनी सार चाखत नसत

दुपारी दिवाणावर आडवी झाले की डोळे पूर्ण मिटायच्या आधी स्वयंपाकघरातले आवाज माझ्याजवळ सरकायला लागतात. नळाचा थेंब उशाशी पडतो. फ्रिजची घरघर कानात येऊन बसते. आजही तसंच चाललंय. त्यातच विळीवर नारळ खवण्याचा आवाज येतो. खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. मी मनात म्हणते, बरं झालं, नारळ खवायचा राहिलाच होता. मग लक्षात येतं की घरात आत्ता मी एकटी आहे.

उठावं का? हात उचलून बघते. हात जड आहे, पण माझाच आहे एवढं कळतं. म्हणजे मी अजून पुरती झोपलेली नाही.

तुम्हाला जरा नीट सांगते, कारण मला स्वतःलाच हे अजून नीट लावता आलेलं नाही. मी कुमुद. कराडात चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. निवृत्त झाले, पण मुलांची सवय सुटेना. म्हणून दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली मुलं माझ्याकडे सार करायला येतात. सार अशासाठी, की त्यात पोळीसारखं लाटावं लागत नाही, मोठं तळण नाही, आणि तासाभरात प्रत्येकाच्या वाटीत काहीतरी गरम पडतं. पावसाळ्यात आमसुलाचं, कार्तिकात लाल भोपळ्याचं, पौषात मटारचं, चैत्रात कैरीचं. ज्या महिन्यात मंडईत जे असेल ते.

कार्तिकात मला ताप आला. ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला. वासही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आता माघ संपत आला. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णांना नाही. मुलांसमोर मी पळीतलं सार तळहातावर घेऊन चाखते, डोळे मिटते आणि म्हणते, "वा!"

गेल्या रविवारी गाजराचं सार होतं. मुलांनी वाट्या रिकाम्या करून ओळीत मांडून ठेवल्या आणि "छान होतं आजी" म्हणून गेली. संध्याकाळी गॅलरीत पाणी घालायला गेले, तर प्रत्येक कुंडीत नारिंगी पाणी साचलेलं. मिरच्या दुप्पट पडल्या होत्या की मीठच नव्हतं, मला अजून माहीत नाही. सार बिघडलं याचं एवढं नाही. पण जी मुलं एरवी "आजी, हे आंबट्ट आहे!" म्हणून नाकं मुरडतात, ती मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली. हे मी शिकवलं त्यांना.

तेव्हा मी ठरवलंय. आज संध्याकाळी त्यांच्या आयांना कळवायचं की उद्यापासून वर्ग बंद. गुडघे दुखतात असं सांगायचं. दुपारी एक शेवटचा प्रयत्न म्हणून टोमॅटोचं सार करून पाहिलं. जिभेवर घेतलं. कोमट पाणी. झाकण ठेवलं आणि येऊन पडले.

खर्र. खर्र.

"उठलीस का मास्तरीणबाई? का अजून मधली सुट्टी आहे?"

स्वयंपाकघराच्या फरशीवर मनोरमावहिनी बसल्या आहेत. एक पाय विळीच्या पाटावर, मांडीखाली हिरव्या लुगड्याचा घोळ, हातात नारळाची अर्धी वाटी. माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही दोघींनी सत्तावीस वर्षं एका चुलीवर काढली. पुढे दोघा भावांनी समोरासमोर फ्लॅट घेतले तरी सार त्यांच्याच घरून यायचं. सहा वर्षांपूर्वी वैशाखात त्या गेल्या. मी स्वतः त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं.

त्यांना हे माहीत आहे का, हे मला ठरवता येत नाही. सांगावं तर वाईट वाटेल. न सांगावं तर फसवल्यासारखं होईल. मी आपली उभीच आहे.

"बघतेस काय? त्या पातेल्यात काय आहे?"

"टोमॅटोचं सार, वहिनी."

"महिना कुठला?"

हा प्रश्न मी दर रविवारी मुलांना विचारते. वर्गाची सुरुवातच त्यानं होते. सगळी एका सुरात महिना सांगतात आणि मगच मी पिशवी उघडते. मी तोंड उघडते आणि महिना येत नाही. आत्ता मी तुम्हाला तो सांगितला होता. जिभेवर आहे असं वाटतं, पण जिभेवर काहीच नाही.

"महिना माहीत नाही आणि बाई सार करायला निघाल्या," वहिनी म्हणतात. नारळाची वाटी खाली ठेवतात, पदराला हात पुसतात. "पिशवी घे. चल."

मी कपाटातून पिशवी काढते आणि कपाटाचं दार लावते, तर आम्ही मंडईत आहोत.

मंडई आमचीच आहे. तोच पत्र्याचा मांडव, तीच ओली फरशी. पण डावीकडे कैऱ्यांचा ढीग आहे आणि त्याला लागून मटारच्या शेंगा. त्यांच्यापुढे भुट्टे, मग आवळे, त्यांच्यापुढे चाकवताच्या जुड्या, आणि मधेच तांबडे भोपळे मोठ्या माणसांसारखे बसलेत. सगळं एकदम. असं कधी नसतं. वहिनींनीच मला शिकवलं होतं, ज्याचा ढीग सगळ्यात मोठा आणि ज्याच्यापाशी बायका सगळ्यात जास्त भांडतात, त्याचं सार करायचं. मी ढीग बघते. सगळे सारखे आहेत, हाताने मापून लावल्यासारखे. आणि कुणीच भांडत नाहीये.

एका गाळ्यावरची बाई तराजू उचलून मला विचारते, "मावशी, कुठला महिना देऊ?"

"आत्ता जो चालू आहे तो."

"सगळे चालू आहेत की. कुठला देऊ?"

मागे रांग आहे. माझी घाई होते. तोंडातून निघून जातं, "वैशाख द्या."

तराजू तसाच थांबतो. वहिनी माझ्याकडे बघतात. रागानं नाही. सणाच्या दिवशी एखादं पातेलं सापडत नसेल तर बघायच्या, तसं.

"वैशाख नको गं," त्या म्हणतात. "वैशाखात मला जमणार नाही."

म्हणजे त्यांना माहीत आहे. का मला तसं वाटतंय? मी विचारणार असते, तोवर त्या टोमॅटोकडे वळलेल्या असतात. एक उचलून माझ्या नाकाशी धरतात.

"बघ. देठाला वास येतोय का?"

टोमॅटो इतका जवळ आहे की त्याच्या देठाची लव माझ्या ओठांना लागते. मी श्वास घेते. आणखी एकदा घेते. टोमॅटोच्या जागी दगड धरला असता तरी मला फरक कळला नसता.

"येतोय," मी म्हणते.

"कसला?"

"टोमॅटोचा."

"कुमुद."

वहिनी मला नावाने फार कमी हाक मारायच्या. मास्तरीणबाई, शाळेची घंटा, फळाखडू, असलंच काहीतरी. नाव घेतलं की मी आपोआप खरं बोलायचे. आत्ताही बोलते.

"नाही येत वहिनी. वास येत नाही. चवही कळत नाही. दिवाळीपासून."

भाजीवाली तराजूत काहीतरी घालत राहते. रांगेतलं कुणी मागे वळून बघत नाही. एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले आणि मंडईला काही वाटलं नाही.

"बरं मग?" वहिनी म्हणतात.

"बरं मग काय? मी मुलांना सार करायला शिकवते. चव न कळणाऱ्या बाईनं कसं शिकवायचं?"

"मला तरी कुठे कळत होती?"

त्या टोमॅटो पिशवीत टाकतात. एक, दोन, चार. पिशवी जड होत नाही.

"काय म्हणालात?"

"शाळा भरली बघ तुझी," त्या म्हणतात आणि बोट दाखवतात.

घंटा होते. मंडईचा मांडव आहे, पण त्याखाली आता बाकं आहेत. माझा पहिलीचा वर्ग. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. बाकांवर मुलं आहेत आणि प्रत्येकापुढे पाटीऐवजी वाटी. वाटीतून वाफ येते. मला फक्त त्यांच्या पाठी दिसतात. दोन वेण्या, एक आखूड कापलेली मान, एक उसवलेली कॉलर. वेण्या आमच्या इमारतीतल्या स्वरदाच्या आहेत. उसवलेली कॉलर मला वाटतं एकोणीसशे एक्याऐंशी सालातली आहे. ही दोघं एका वर्गात कशी?

"मुलांनो, इकडे तोंड करा," मी म्हणते.

कुणी हलत नाही.

"शहाणी मुलं ना तुम्ही? इकडे बघा बरं."

चमच्यांचा आवाज येतो. मुलं सार पिताहेत. आवडतंय का, आवडत नाहीये का, काही समजत नाही. पाठीला काय कळणार? मी आवाज चढवत नाही, चौतीस वर्षांत चढवला नाही.

वहिनी शेवटच्या बाकावर बसल्या आहेत. बाक लहान आहे, त्यांचे गुडघे फळीला लागतात. त्या म्हणतात, "पोरं नाही पाठ करून बसलेली. तू उभी आहेस पाठ करून."

मी पुढे बघते. माझ्यासमोर फळा आहे. माझ्या हातात खडू आहे आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, टोमॅटो सहा, नारळाचं दूध एक वाटी, जिरं, कढीलिंब, मीठ. मीठ या शब्दापुढे काही नाही. मी बराच वेळ तिथेच खडू टेकवून उभी असावी, कारण तिथे एक मोठा पांढरा ठिपका झालाय.

"गेल्या रविवारी चेहरे बघितलेस का त्यांचे?" वहिनी पाठीमागून विचारतात.

"नाही."

"का?"

"मी चाखत होते."

"काय चाखत होतीस?"

वहिनी हसतात. त्यांचं हसणं नाकातून यायचं, तसंच येतं.

"मघाशी काय म्हणालात वहिनी? तुम्हाला चव कळत नव्हती?"

"सोळाव्या वर्षी विषमज्वर झाला होता मला. एकवीस दिवस. वाचले हेच खूप, म्हणाले सगळे. उठून पेज प्यायला बसले तर पेज आहे की पाणी आहे, काही कळेना. आईला सांगितलं. आई म्हणाली, आता हे कुणापुढे बोलू नकोस, लग्न व्हायचंय."

"आणि मग?"

"मग काय, लग्न झालं."

"पण वहिनी, तुमचं सार!"

काय सांगू तुम्हाला? अख्खी आळी त्यांच्या साराला नावाजायची. आळीतल्या नव्या सुना वाटी घेऊन शिकायला यायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले. आणि त्या कधी चाखत नसत, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही, हा आमच्या घरचा नियम. बाकीच्या आम्ही चोरून करंगळी बुडवायचो. वहिनींनी कधीच नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या मनूसारखं सोवळं कुणाचं नाही.

"देवाचा तो नियम मला फार सोयीचा पडला," वहिनी म्हणतात. "एरवी पहिल्याच दिवशी सापडले असते."

"म्हणजे ते सोवळं..."

"सोवळंही होतं गं. दोन्ही होतं."

मला काही उमगत नाही. हे मी ऐकतेय की मीच रचतेय? पन्नास वर्षांच्या संसारात माणूस असं झाकू शकतं? मी तर तीन महिन्यांत थकले.

"मग मीठ कसं कळायचं?" मी विचारते. विचारताना माझा आवाज पहिलीतल्या पोरीसारखा येतो.

"इकडे ये. आणि खडू ठेव तो खाली."

मी खडू ठेवते. हात झटकून वळते, तर बाकं नाहीत. आमचं जुनं माजघर आहे. ताटाभोवती रांगोळीची एक रेघ, पाटावर अण्णा बसलेत. माझे थोरले दीर, वहिनींचे यजमान. समोरच्या फ्लॅटमधले चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा नव्हेत. हे काळ्याभोर केसांचे, बनियनवरचे, कचेरीला जायच्या घाईतले अण्णा. त्यांच्या ताटात भात आहे आणि भाताशेजारी साराची वाटी.

वहिनी दारात उभ्या आहेत. एक खांदा चौकटीला टेकलेला. रोज जशा उभ्या राहायच्या तशाच. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. चौकट अरुंद आहे, पण आम्ही दोघी मावतो.

"आता बघ," त्या माझ्या कानात म्हणतात. "पहिला घोट घेऊ दे."

अण्णा वाटी तोंडाला लावतात.

"डावी भुवई बघ. वर गेली की मीठ जास्त. मग मी मागे फिरायचे आणि तुमच्या सगळ्यांच्या पंगतीआधी पातेल्यात नारळाचं दूध घालायचे. ओठ आत ओढले की आंबट, गुळाचा खडा टाकायचा. पाण्याच्या तांब्याकडे हात गेला की मिरची. आणि नुसतंच चमच्यानं ढवळत बसले, की अळणी."

"आणि चांगलं झालं असेल तर?"

"तर काहीच नाही. सरळ दुसरा घोट."

अण्णा दुसरा घोट घेतात. तिसरा घेतात. वर बघतात आणि वहिनींना बघून किंचित हसतात. वहिनी पदर सारखा करतात. लाजतात की काय, मला कळत नाही.

"पण हे अण्णा झाले," मी म्हणते. "अण्णांची भुवई तुम्हाला पाठ होती. माझ्यापुढे पोरं असतात. प्रत्येकाचं वेगळं."

"कुणाला गणित कळलं आणि कुणी नुसती मान हलवली, हे तुला कसं समजायचं?"

"ते समजतंच."

"कसं?"

"चेहऱ्यावरून."

"मग पोरगी सार प्यायला बसली की तिला दुसरा चेहरा येतो का?" वहिनी म्हणतात. "चौतीस वर्षं सरकारनं उगाच ठेवून घेतलं तुला." आणि लगेच, "चल, मीठ घाल."

आमच्यापुढे पातेलं आहे. माझं, दुपारचं, स्टीलचं. माजघरात ते कसं आलं कोण जाणे.

"यात घातलंय की नाही, आठवत नाही वहिनी."

"घाल गं."

"किती?"

"तीन बोटांत मावेल एवढं."

"पण आधी घातलं असेल तर?"

"तर कुणाच्या तरी भुवईवर दिसेल. घाल म्हणते ना. पहिल्यांदा आलीस या घरात तेव्हा पण अशीच उभी होतीस पातेल्यापाशी. पोळी उलटायला विचारायचीस."

मी मीठ घेते. मला त्यांना विचारायचं आहे, तुम्ही गेलाय हे तुम्हाला माहीत आहे का? मला विचारायचं आहे, मला का नाही सांगितलंत? मी कुणाला बोलले असते का? आपण दोघींनी मिळून झाकलं असतं. मी मान वर करते. वहिनींच्या जागी फक्त चौकट आहे, आणि चौकटीतून समोर मंडई दिसतेय, सगळे महिने ढिगानं मांडलेली, आणि तिथे लांबवर एक हिरवं लुगडं भाजीवालीशी जोरजोरात भांडतंय.

मी मीठ सोडते.

डोळे उघडतात तेव्हा खिडकीतलं ऊन दिवाणाच्या पायाशी आलेलं आहे. सव्वाचार. नळाचा थेंब नळाखालीच पडतोय. महिना माघ. वार शनिवार. वहिनी नाहीत. एकेक गोष्ट जागेवर ठेवते.

मग उठायला हात टेकवते आणि तळव्याला काहीतरी टोचतं. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. सोडवून बघते, तर त्यांच्यामध्ये मीठ. चादरीवरही चार कण सांडलेत.

मी उठले होते का? झोपेत ओट्यापाशी जाऊन आले? माझे गुडघे दोन पावलांना कुरकुरतात, तरी मला समजलंही नाही? स्वयंपाकघरात जाते. पातेल्यावर झाकण आहे. मिठाचा डबा फळीवर आहे, बंद आहे. सार कोमट आहे. दुपारी मी मोजून एक चमचा मीठ घातलं होतं, हे आता स्वच्छ आठवतं. त्यावर आणखी पडलं का, हे मला सांगता येणार नाही. सवयीनं पळी उचलते, तळहातावर थेंब घेते आणि मग तो तसाच पुसून टाकते.

सार गरम करते. एक वाटी भरते आणि समोरच्या दाराची कडी वाजवते.

"कोण? कुमुद? ये ये, दार नुसतं लोटलंय," अण्णा आतून म्हणतात. खुर्चीत बसून चष्म्यावर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचताहेत. "आज चहाच्या वेळेला सार? काय विशेष?"

"उद्या मुलांसाठी करायचंय. बघून सांगा."

ते वाटी घेतात. मी एरवी समोरच्या खुर्चीत बसते. आज दारातच उभी राहते, खांदा टेकवून. त्यांचा हात कापतो, त्यामुळे वाटी तोंडाशी जायला वेळ लागतो. मी थांबते. थांबायची मला सवय आहे. पहिलीतल्या पोराला स्वतःचं नाव लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मी आयुष्यभर थांबत आलेय.

पहिला घोट.

डावी भुवई वर जाते. पांढरी झालीय, विरळ झालीय, पण जाते.

"वा," अण्णा म्हणतात, "छान झालंय."

"खारट झालंय."

ते वाटीतून वर बघतात. "अं? नाही, तसं काही... थोडंसं. किंचित. पण तू तर प्यालीही नाहीस, तुला कसं कळलं?"

मला हसू फुटतं. आणि काय सांगू, डोळ्यांत पाणीही येतं, दोन्ही एकदम, आणि कशामुळे काय हे मला वेगळं करता येत नाही. साडेतीन महिन्यांत मी पहिल्यांदा एका साराची चव अचूक सांगितली आहे.

"अण्णा," मी विचारते, "वहिनींना चव... म्हणजे त्या कधीच चाखत नसत ना?"

"कधीच नाही. फार कडक सोवळं होतं तिचं." ते वाटी मांडीवर ठेवतात. "तू आत्ता उभी आहेस ना, तिथेच उभी राहायची. रोज. मी पहिला घोट घेईपर्यंत हलायची नाही. मित्र चेष्टा करायचे. म्हणायचे, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी वहिनी अजून तुझ्याकडे टक लावून बघतात. मी म्हणायचो, तुमच्या बायका नसतील बघत." ते थोडं हसतात. "इतकं बघण्यासारखं काय होतं माझ्यात, कुणास ठाऊक."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळलाय. खरं काय ते मला तरी कुठे माहीत आहे? झोपेत ऐकलेलं मी या माणसाच्या मांडीवर नेऊन कशाला ठेवू? आणि दोन्ही असेल.

"द्या वाटी," मी म्हणते. "नारळाचं दूध घालून आणते."

घरी येऊन पातेल्यात अर्धी वाटी दूध घालते, एक उकळी येऊ देते. बोटांच्या बेचक्यात अजून मीठ चरचरतंय. फोन ओट्यावर पडलेला आहे. आयांना सांगायचं ते गुडघ्यांचं कारण मी मनात तयार केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता आठवत नाही. उद्या मुलांना खरं काय ते सांगेन. म्हणेन, आजीची जीभ झोपलीय, तर आता मीठ तुम्ही सांगायचं. खोटं बोललात तर मला लगेच दिसेल.

सार घेऊन पुन्हा समोर जाते. दारात उभी राहते.

अण्णा पहिला घोट घेतात आणि सरळ दुसरा घेतात.